आधी मेथी, शेवटी भोपळा: आठवड्याची ताजी भाजी घरी कशी रांधायची

रविवारी सकाळी आमच्या भागात शेतकऱ्यांचा आठवडे बाजार भरतो. तिथून मी तीन पिशव्या भाजी आणतो आणि पुढचे सात दिवस चौघांची जेवणं त्यातून निघतात. सहा वर्षांपूर्वी आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि स्वयंपाकघर माझ्याकडे आलं. फोडणी, मीठ, तिखट हे मला येत होतं. अडत होतं दुसरीकडेच. गुरुवारी फ्रीज उघडावा तर मेथी पिवळी पडलेली, कोथिंबिरीचं पाणी झालेलं, आणि ज्याला काही होणार नव्हतं तो भोपळा मी सोमवारीच करून टाकलेला. आई पलंगावरून म्हणाली, "अरे, आधी नाजूक भाजी संपव. भोपळा कुठे पळून जातोय?"

तेव्हापासून आमच्या घरी "आज काय खावंसं वाटतंय" हा प्रश्न दुसरा येतो. पहिला प्रश्न, "आज काय केलं नाही तर उद्या वाया जाईल?" एवढ्या बदलानं भाजी फेकणं जवळजवळ थांबलं, आणि ताजी भाजी ताजी असतानाच पोटात जायला लागली. या लेखात सगळी रीत क्रमानं सांगतो: बाजारापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत.

किती आणायची

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं दिली. त्यात मोठ्या माणसाच्या दिवसाच्या ताटात सुमारे ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं धरली आहेत. चौघांचा हिशेब केला तर आठवड्याला अकरा किलोच्या वर भाजी होते. पहिल्यांदा हा आकडा मांडला तेव्हा मला तो अशक्य वाटला, कारण आम्ही जेमतेम पाच किलो आणत होतो. आता आठ-नऊ किलोपर्यंत येतो. कोशिंबिरीची काकडी, आमटीतला शेवगा, वरणातला टोमॅटो हे सगळं त्यात धरायचं. नुसत्या "भाजी" या एका वाटीवर तो आकडा कधीच गाठता येत नाही, म्हणून ताटात कोशिंबीर रोज हवी.

माझी रविवारची ढोबळ यादी अशी असते: पालेभाजीच्या चार-पाच जुड्या (त्यात दोन मेथीच्या), भेंडी किंवा गवार अर्धा किलो, वांगी अर्धा किलो, एक दुधी, कोबीचा एक गड्डा, एक छोटा अख्खा लाल भोपळा, काकडी एक किलो, टोमॅटो एक किलो, गाजर किंवा मुळा, कोथिंबीर, मिरची, आलं, लिंबं, कढीपत्ता. कांदे-बटाटे पंधरा दिवसांतून एकदा. नावं ऋतूप्रमाणे बदलतात. थंडीत चाकवत, हरभऱ्याचा पाला, मटार, पावटा येतात. पावसाळ्यात पालेभाजी चिखलाची आणि किडीची येते तेव्हा मी जुड्या कमी करून दोडका, पडवळ, घोसाळी वाढवतो. टाकळा, कुर्डू, फोडशी अशा रानभाज्या जरूर घ्या, पण ज्या बाईनं स्वतः खुडून आणल्यात तिच्याकडूनच, आणि कशी करायची तेही तिलाच विचारून. शेवळं नीट केली नाहीत तर घशाला खाज सुटते.

बाजारात हात काय बघतो

पालेभाजीची जुडी वरून हिरवीगार दिसते, खराबी आत असते. दोरा किंवा गवत बांधलेलं असतं त्या जागी बोट घालून बघा. तिथे ओलसर, चिकट लागलं तर ती जुडी उद्याच्या उद्या सडणार. पाणी मारून ठेवलेली भाजी ताजी दिसते, पण घरी टिकत नाही. मी कोरडी जुडी घेतो, थोडी मलूल असली तरी चालेल; मलूल भाजी पाण्यात दहा मिनिटं ठेवली की पुन्हा ताठ होते, सडलेली होत नाही.

गवार आणि घेवडा कोवळे असतील तर वाकवताच कट्कन मोडतात. दोरा सुटून लोंबला तर जून. भेंडी हाताच्या बोटाएवढीच घ्यावी. वांगं आकाराच्या मानानं हलकं असेल तर बिया कमी निघतात, आणि देठ हिरवा असेल तर तोडून फार दिवस झालेले नसतात. कोबी मात्र जड हवा. टोमॅटो निम्मे पिकलेले, निम्मे अर्धकच्चे घ्या, म्हणजे ते ओळीनं पिकतात आणि सात दिवस पुरतात.

दुधीच्या सालीत नख सहज रुततं का ते पाहा. आणि एक गोष्ट कधीही चुकवू नका: चिरताना दुधीचा छोटासा काप जिभेला लावून बघा. कडू लागला तर अख्खा दुधी फेकून द्या. दोडका, काकडी, पडवळ यांनाही हेच लागू. तो कडूपणा क्युकरबिटासिन नावाच्या द्रव्याचा असतो, शिजवून जात नाही, आणि कडू दुधीचा रस पिऊन माणसं दगावलेली आहेत. पैसे गेले तर जाऊ देत.

रविवारचे दोन तास

सगळ्या आठवड्याचं स्वास्थ्य या दोन तासांवर आहे. बाजारातून आल्यावर पिशव्या तशाच फ्रीजमध्ये कोंबल्या की अर्धी लढाई हरलो. आमच्याकडे बैठकीत जुनी चादर अंथरतो, त्यावर वर्तमानपत्रं, आणि आई खुर्चीवर परात घेऊन बसते. मुलगी मटार सोलते. बायको कांदे-लसूण बघते. मी साठवणीचं बघतो.

आधी पालेभाज्या निवडायच्या. मेथीची पानं आणि कोवळे शेंडे खुडायचे, जाड देठ बाजूला. शेपूची मुळं आणि जून काड्या काढायच्या. पालकाची देठं मात्र टाकायची नाहीत, ती आमटीत जातात. पिवळं, किडलेलं, काळं पडलेलं पान एकही मागे ठेवायचं नाही, कारण एक सडकं पान बाकीच्यांना दोन दिवसांत घेऊन जातं. निवडायचं, पण धुवायचं नाही आणि चिरायचं तर नाहीच. ओली पालेभाजी डब्यात कुजते. चिरलेल्या पानातलं क जीवनसत्त्व हवेनं आणि नंतरच्या धुण्यानं कमी होत जातं. निवडलेली भाजी कोरड्या सुती कापडात सैल गुंडाळायची आणि झाकणाच्या डब्यात ठेवायची. आईच्या जुन्या सुती साड्यांचे हातभर तुकडे मी खास यासाठी कापून ठेवलेत. कापड ओलावा शोषतं, डबा पान सुकू देत नाही. अशी मेथी तीन दिवस छान राहते, पालक दोन-तीन दिवस, कोथिंबीर मुळं कापून ठेवली तर आठवडाभर. कोथिंबिरीचं कापड मात्र बुधवारी बदलायचं. ते ओलं झालेलं असतं.

मिरच्यांचे देठ काढून, कोरड्या करून डब्यात. मिरची बहुतेक वेळा देठापासूनच सडायला लागते. गवार आणि घेवडा मोडून, दोरे काढून, कोरडेच डब्यात ठेवता येतात; आठवड्याच्या मधल्या संध्याकाळी यामुळे मोकळ्या होतात. भेंडी चिरून ठेवू नका, तार सुटते आणि चिकट होते.

फ्रीजबाहेर काय ठेवायचं हेही तितकंच महत्त्वाचं. कांदे आणि बटाटे दोन्ही बाहेर, हवेशीर टोपलीत, पण एकमेकांपासून लांब. बटाटा फ्रीजमध्ये ठेवला तर त्यातला स्टार्च साखरेत बदलायला लागतो आणि भाजी गुळमट होते. उजेडात ठेवला तर हिरवा पडतो. हिरवा पडलेला भाग कडू आणि विषारी असतो, तो जाड कापून टाकावा, आणि बटाटा सगळाच हिरवा असेल तर तो खाऊच नये. टोमॅटो पिकेपर्यंत बाहेर. काकडी, वांगी, भेंडी या उष्ण हवेतल्या भाज्या, त्यांना फार थंडी सोसत नाही; फ्रीजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा. केळी, पपई, आंबे, सफरचंद पालेभाजीजवळ ठेवू नका. पिकणाऱ्या फळातून इथिलीन नावाचा वायू सुटतो आणि शेजारची पानं पिवळी पडतात. माझी मेथी पिवळी पडायची त्याचं अर्धं कारण हेच होतं. मी तिच्या डोक्यावर सफरचंदांची पिशवी ठेवत होतो.

निवडण झाल्यावर गॅसपाशी चार गोष्टी होतात. पाव किलो शेंगदाणे मंद आचेवर खमंग भाजून, सालं पाखडून जाडसर कूट. लसणाच्या दोन गड्ड्या सोलून. एक नारळ खवून छोट्या डब्यांत फ्रीझरमध्ये. आणि आलं, लसूण, मिरची, मीठ एकत्र वाटून छोटी बरणीभर ठेचा. आधी जी मटकी शनिवारी रात्री भिजत घातलेली असते, ती रविवारी सकाळी उपसून ओल्या कापडात बांधायची. उन्हाळ्यात रात्रीपर्यंत मोड येतात, थंडीत सोमवार सकाळ उजाडते. दीड वाटी मटकीची चार वाट्यांच्या आसपास मोडाची मटकी होते. ती फ्रीजमध्ये तीन दिवस टिकते. कच्चे मोड कोशिंबिरीत घालायची पद्धत आहे, पण मोड येण्याच्या ओलसर उबेत जंतूही वाढतात. घरात म्हातारं माणूस, गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर वाफवूनच द्या.

आठवडा कसा लावायचा

रविवार दुपार ते मंगळवार पालेभाज्यांचे. सगळ्यात नाजूक ती पहिली: शेपू किंवा चुका रविवारीच, मेथी सोमवारी, पालक मंगळवारी. याच तीन दिवसांत मधेच मटकीची उसळ. बुधवारी भेंडी किंवा वांगी, गुरुवारी निवडून ठेवलेली गवार किंवा दुधी, शुक्रवारी कोबी, शनिवारी भोपळा आणि बटाटा. बाजारात भोपळ्याची फोड घेतली असेल तर हा क्रम बदलतो. कापलेल्या फोडीचा बियांचा भाग आधी बुळबुळीत होतो, म्हणून घरी आल्याबरोबर बिया आणि मधला गर खरवडून, पुसून ठेवा आणि गुरुवारपर्यंत करा.

पाहुणे आले, कुणाचा उपास आला, मुलीला भेंडीच हवी झाली, तर दिवस पुढेमागे होतातच. पण पालेभाजीला मागे ढकलायचं नाही.

धुण्याची रीत

ज्या दिवशी करायची त्याच दिवशी, चिरण्याआधी. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घ्या, भाजी त्यात बुडवून हलक्या हातानं हलवा आणि दोन मिनिटं थांबा. माती तळाशी बसते. आता भाजी वर उचलून चाळणीत घ्या आणि मग पाणी ओता. पातेलं चाळणीत उपडं केलं तर खाली बसलेली सगळी माती पुन्हा भाजीवरच येते. असं तीन पाण्यानं. तळाला हात लावून पाहा, रेव लागली तर चौथं पाणी. फ्लॉवरचे तुरे आणि कोबीची सुटी पानं कोमट मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवली की अळ्या बाहेर पडतात. नंतर साध्या पाण्यानं धुवायचं.

चार रीती, त्यात बहुतेक भाज्या

भाज्या कितीही असल्या तरी रोजच्या स्वयंपाकात मी फिरून फिरून चारच रीती वापरतो. त्या हाताला बसल्या की बाजारातली अनोळखी भाजीही घरी आणायला भीती वाटत नाही.

*परतून.* मेथीवर सांगतो. चौघांना दोन जुड्यांची निवडलेली मेथी, जाडसर चिरून. दोन मोठे चमचे मूगडाळ अर्धा तास आधी भिजवून. लोखंडी कढईत एक मोठा चमचा तेल, आठ-दहा लसूणपाकळ्या ठेचून, त्या बदामी झाल्या की तीन-चार मिरच्या, मग डाळ निथळून. डाळ दोन मिनिटं परता, पाण्याचा एक हबका मारा, झाकण ठेवून तीन-चार मिनिटं. आता मेथी घाला आणि झाकण काढून टाका. कढई भरून ओसंडत असते, पण दोन मिनिटांत ती निम्मी होते. मोठ्या आचेवर सहा-सात मिनिटं, वरखाली करत. झाकण न ठेवण्याचं कारण असं की पालेभाजी शिजताना तिच्यातली आम्लं वाफेबरोबर बाहेर पडतात. झाकणाखाली ती पुन्हा भाजीत पडून हिरवा रंग काळपट करतात. मीठ अगदी शेवटी. सुरुवातीला कढईभर मेथीच्या अंदाजानं मीठ घातलं तर वाटीभर भाजी खारट होते, हे माझ्या हातून अनेकदा झालं आहे. ताटात वाढल्यावर लिंबू पिळा. पालेभाजीतलं लोह शरीरात उतरायला क जीवनसत्त्वाची मदत होते. उलट जेवणाबरोबर चहा घेतला तर ते लोह कमी शोषलं जातं, म्हणून चहा तासाभरानं.

लाल माठ, राजगिरा, तांदुळजा, चवळई याच पद्धतीनं होतात. माठाला मी हिरव्या मिरचीऐवजी सुकी मिरची मोडून घालतो, लाल तिखट नाही. पानाची गोडी राहते.

*वाफेवर.* दुधी, गवार, कोबी, पडवळ, भोपळा. इथे झाकण हवंच, आणि झाकणावर पाणी. फोडणी, भाजी, मीठ, हळद घालून कढईवर खोलगट ताटली ठेवा आणि तिच्यात वाटीभर पाणी ओता. वरचं पाणी ताटली गार ठेवतं, आतली वाफ तिला लागून थेंब होऊन परत भाजीत पडते, आणि भाजी स्वतःच्याच पाण्यात शिजते. कोरडी वाटली तर ताटलीतलं गरम झालेलं पाणी दोन चमचे आत टाकायचं. गार पाणी घातलं तर भाजी दडदडीत राहते. भाजी पाण्यात उकळून ते पाणी ओतून देणं म्हणजे पाण्यात उतरलेली जीवनसत्त्वं मोरीत घालणं, ते घरात कधीही करू नये. गवारीला फोडणीत ओवा, शेवटी दोन चमचे कूट आणि सुपारीएवढा गूळ. कोबीला भिजवलेली हरभरा डाळ. दुधीला जिरं, मिरची आणि मूठभर खोबरं. दहा मिनिटांत होतो, आणि दुधी आवडत नाही म्हणणारे तो बहुधा गाळ होईपर्यंत शिजवलेला खात आलेले असतात.

*पीठ पेरून.* कांद्याची पात, सिमला मिरची, मुळ्याचा पाला, घोळ. या भाजीला तेल फार लागतं अशी तक्रार असते, कारण कच्चं बेसन तेल पितं. त्यावर उपाय: पाऊण वाटी बेसन आधी कोरड्या कढईत मंद आचेवर चार-पाच मिनिटं वास सुटेपर्यंत भाजून घ्या. मग दीड चमचा तेलाच्या फोडणीत भाजी मऊ करून, बेसन चिमटीनं सगळीकडे पेरा, हातानं पाण्याचा हबका मारा, झाकण ठेवून मंद आचेवर पाच मिनिटं. हलवायचं उलथन्यानं, तळापासून, फार नाही. भाकरीबरोबर ही भाजी आणि कच्चा कांदा असला की आमच्याकडे आमटीची कुणी आठवण काढत नाही.

*पातळ.* ताकातली पालकाची भाजी घ्या, चाकवताचीही अशीच. तीन चमचे हरभरा डाळ आणि तीन चमचे दाणे सकाळी भिजत घालायचे, संध्याकाळी वरणभाताबरोबर कुकरमध्येच वाटीत शिजवायचे. एक मोठी जुडी पालक चिरून पातेल्यात, पाणी न घालता पाच मिनिटं. स्वतःचंच पाणी सुटतं. त्यात दीड चमचा बेसन घालून रवीनं घोटा. दोन वाट्या ताजं, फार आंबट नसलेलं ताक घाला, शिजलेली डाळ-दाणे, मीठ, किंचित गूळ. मंद आचेवर सतत हलवत एक कढ येऊ द्या, जास्त उकळू नका. बेसनामुळे ताक फुटत नाही, पण जोरात उकळलं तर बेसनही वाचवू शकत नाही. वरून चमचाभर तुपाची फोडणी: मोहरी, जिरं, हिंग, पाच-सहा मेथीदाणे, दोन सुक्या मिरच्या, लसणाचे काप. पालकाबद्दल एक खुलासा करतो. त्यात लोह आणि कॅल्शियम आहे, पण ऑक्झॅलिक आम्लही बरंच आहे आणि ते विशेषतः कॅल्शियमला धरून ठेवतं. मेथीत ते कमी असतं. म्हणून रोज पालक करण्यापेक्षा पालेभाज्या फिरवत राहणं चांगलं.

शनिवारचा भोपळा वाफेच्याच रीतीनं: चमचाभर तेल, मोहरी, पाव चमचा मेथीदाणे, हिंग, दोन सुक्या मिरच्या, सालीसकट मोठ्या फोडी, झाकणावर पाणी, आठ-दहा मिनिटं. शेवटी गूळ आणि खोबरं. मेथीदाणा काळा होऊ देऊ नका, सगळी भाजी कडवट होते.

कोशिंबीर, तेल, मीठ

कोशिंबिरीत एकच पथ्य: मीठ पान वाढताना. आधी घातलं की काकडीचं पाणी सुटून वाटीत तळं होतं. काकडी चोचवून, कूट, लिंबू, खोबरं आणि वर हिंग-मिरचीची छोटी फोडणी, गाजर किसून, मूठभर भिजवलेली मूगडाळ घालून, मुळा दह्यात, कोबी बारीक चिरून, कैरीच्या दिवसांत कैरी किसून. पिकलेला टोमॅटो, कांदा, कूट, कोथिंबीर, दही तर पाच मिनिटांचं काम.

तेलासाठी मी बाटलीतून ओतणं बंद केलं आणि मोजायचा चमचा डब्यात ठेवला. त्याच २०२४च्या तत्त्वांत दिवसाला तेल-तूप मिळून २७ ग्रॅम धरलं आहे. चौघांचं महिन्याचं सव्वातीन किलो होतं, त्यात तूप आणि तळणही आलं. महिन्याला किती पिशव्या फुटतात ते मोजलं की आपण कुठे आहोत ते लगेच कळतं. मिठाबाबत जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला पाच ग्रॅमच्या आत राहायला सांगते, म्हणजे छोटा चमचाभर. भाजीतलं मीठ कमी करण्याआधी लोणचं, पापड आणि फरसाण ताटातून कमी करा. तिथे ते जास्त लपलेलं असतं.

रोजचं पाऊण तास

कामावरून आल्यावर हात धुऊन आधी कुकर लावतो. खाली तुरीची डाळ, वर तांदूळ, तिसऱ्या वाटीत असेल तर हरभरा डाळ किंवा आईसाठी बटाटा. कुकर चढला की भाजी धुवायला घ्यायची, कारण तिला निथळायला वेळ लागतो. ती निथळतेय तोवर कोशिंबिरीची चिराचिरी. शिट्ट्या होऊन कुकर उतरला की त्या गॅसवर तवा आणि दुसऱ्यावर कढई. भाजी कढईत पडली की भाकऱ्या थापायला घ्यायच्या; ज्वारीच्या पिठात उकळतं पाणी घालून मळलं तर भाकरी चिरत नाही. बायको वरणाला फोडणी देते. आम्ही दोघं असलो की पस्तीस मिनिटं, एकटा असलो तर पन्नास. आईला पानं आठ वाजता लागतात आणि ती लागतात.

उरलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेलं पाहिजे, कडक उन्हाळ्यात तासाभरात. भाताबाबत विशेष जपा, बाहेर राहिलेल्या भातात वाढणाऱ्या काही जंतूंचं विष गरम करूनही जात नाही. उरलेली मेथी दुसऱ्या दिवशी थालीपिठात, कोबी पराठ्यात, वरण भाजणीत किंवा कणकेत मळून.

जे टाकतो त्याचं

दोडक्याच्या शिरा मी कधी टाकत नाही. दोडका धुऊन शिरा खरवडून घ्या, बारीक चिरा, चमचाभर तेलावर मंद आचेवर कुरकुरीत होईपर्यंत परता. दोन चमचे तीळ, दोन चमचे किसलेलं सुकं खोबरं वेगवेगळं भाजून त्यात घाला, लसूण, तिखट, मीठ, चिमूटभर साखर. चुरचुरीत चटणी चार दिवस टिकते आणि वरणभाताला लागते तशी दुसरी कुठलीही लागत नाही. दुधीच्या कोवळ्या सालांचीही अशीच. कोथिंबिरीची देठं वाटणात, फ्लॉवरची कोवळी पानं पीठ पेरून, कोबीचा मधला दांडा सोलून मुलगी तशीच मीठ लावून खाते. मेथीची जाड देठं तेवढी आम्ही कुंडीतल्या खतात टाकतो.

शनिवारी रात्री भोपळ्याची कढई रिकामी झाली की भाजीचा कप्पा बाहेर काढून कोमट पाण्यानं धुतो आणि पुसून उपडा ठेवतो. सुती कापडं साबणानं धुऊन गॅलरीत दोरीवर टाकतो, सकाळी बाजारातून येईपर्यंत ती वाळलेली हवीत. मग दीड वाटी मटकी भिजत घालतो.